केप एपिक : दोन सायकली आणि दोन मिनिटं

केप एपिक या माउंटन बाइकच्या शर्यतीला जायचं म्हटलं की लोक पहिला प्रश्न सायकलचा विचारतात. कोणती फ्रेम, कोणता टायर, पुढे किती दातांची चकती. मला कोणी विचारलं तर मी उलट विचारते, बरोबर कोण आहे? कारण ही शर्यत एकट्याला करताच येत नाही. जोडीनेच नाव द्यायचं, जोडीनेच निघायचं आणि रोज जोडीनेच पोचायचं. वाटेत दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलेलं तपासणीत सापडलं, तर एका तासाचा दंड. जोडीदार मध्येच बाहेर पडला तर उरलेल्याला पुढे जाता येतं, पण जोडी म्हणून निकालात नाव राहत नाही.

ही शर्यत दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात मार्च महिन्यात होते. २००४ साली सुरू झाली. एक छोटा प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीची छोटी शर्यत, आणि सात टप्पे, असे एकूण आठ दिवस. मी आणि माझा आतेभाऊ २०१९ साली मिश्र गटात उतरलो. मी पुण्याची, दादा कोल्हापूरचा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मार्ग दरवर्षी बदलतो. त्या वर्षी तो ६२४ किलोमीटरचा होता आणि एकूण चढ १६,६५० मीटर. गोळेवाडीपासून सिंहगडाच्या वाहनतळापर्यंतचा चढ ढोबळ ६०० मीटर धरा. म्हणजे आठ दिवसांत सत्तावीस-अठ्ठावीस वेळा सिंहगड, आणि तोही डांबरावरून नाही.

तयारीत आमची मोठी चूक झाली ती आधी सांगते. ऑक्टोबर ते डिसेंबर दादा कोल्हापुरात आणि मी पुण्यात, असा वेगवेगळा सराव केला. रात्री फोनवर किलोमीटर मोजायचे, दोघांचे आकडे जुळले की समाधान. जानेवारीत पहिल्यांदा सलग दोन दिवस एकत्र चालवल्या, तेव्हा कळलं की चढाला तो माझ्या पुढे जातो आणि दगडगोट्यांच्या उताराला मी त्याच्या पुढे. दोघेही आपापल्या ठिकाणी थांबून वाट पाहतोय आणि दोघेही चिडलोय. मग ठरवलं, त्या वेळी जो हळू आहे तो पुढे. मागच्याने त्याच्या वेगाने यायचं आणि पुढे जायचा मोह आवरायचा. फेब्रुवारी संपेपर्यंत दर शनिवार-रविवार आम्ही एवढंच घोटवलं. तुम्ही दोघं वेगवेगळ्या गावांत राहत असाल तर निदान सहा शनिवार-रविवार एकत्र काढा. शनिवारी पाच तास, रविवारी पुन्हा पाच. पाय थकलेले असताना जोडीदार कसा बोलतो हे आधी माहीत हवं.

आपल्याकडे सरावाला मुरमाचे रस्ते आणि जांभ्याचे कातळ मिळतात, त्यांचा फायदा होतोच. पण तिथली जमीन निराळी. पांढरट भुसभुशीत वाळू, तिच्यातून वर आलेले वालुकाश्माचे धारदार दगड आणि दोन्ही बाजूंना फिनबॉसची खरखरीत झुडपं. वाळूत पुढचं चाक दाबून धरायचं नाही. अंग मागे न्यायचं, हात सैल सोडायचे, पायडल मारत राहायचं. हे पुण्यात जमेना म्हणून आम्ही कोकणात पुळणीवर जाऊन शिकलो.

आता प्रवासाचं. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो, अर्जाला निदान दोन महिने हाताशी ठेवा. मुंबईहून दुबई, दोहा किंवा आदिस अबाबा बदलून केप टाउन गाठता येतं. सायकल परदेशी बनावटीची असेल तर जाताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून तिचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. खरेदीची पावती आणि फ्रेमचा क्रमांक जवळ असू द्या, म्हणजे परत येताना शुल्काचा वाद होत नाही. यात तास-दीड तास जातो, तेवढे लवकर निघा. माझ्या सायकलची पेटी मधल्या विमानतळावर राहिली आणि दोन दिवस उशिरा आली. आम्ही पाच दिवस आधी पोचलो होतो म्हणून निभावलं. बूट, पायडल, हेल्मेट आणि एक जोडी कपडे हातातल्या सामानातच न्या. तेवढं जवळ असलं की वेळ पडल्यास भाड्याच्या सायकलवरही शर्यत करता येते. हवेची छोटी नळकांडी विमानात अडतात, तिथेच विकत घ्या. तिथला प्लग म्हणजे आपल्याकडे गिझरला असतो तो मोठा तीन पिनांचा. घरातला तसा एक प्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड नेला की काम झालं. घड्याळही आपल्या बाजूने आहे. तिथली वेळ आपल्या साडेतीन तास मागे, त्यामुळे पहाटे साडेचारला उठायचं म्हणजे शरीराच्या लेखी सकाळचे आठ.

प्रोलॉग केप टाउन विद्यापीठाच्या आवारातून, टेबल माउंटनच्या अंगाखांद्यावर. वीस किलोमीटर, संपलासुद्धा. खरी शर्यत दुसऱ्या दिवशी हर्मानसला सुरू झाली. एकशे दहा किलोमीटरच्या वर आणि ऊन डोक्यावर. सकाळी सातला निघालो. तेराशेच्या आसपास सायकलस्वार, पुढे धूळच धूळ, आणि मी त्या धुळीतून वाट काढत सुटले. पहिल्या तासात मला आपण उडतोय असं वाटत होतं. दादा मागून ओरडत होता, "निवांत गं, अजून सात दिवस हायत!" मी ऐकलं नाही. ऐंशीव्या किलोमीटरला दोन्ही मांड्यांत गोळे आले आणि उरलेला प्रत्येक चढ दादाने माझ्या पाठीवर हात ठेवून पार केला. जोडीतल्यांनी एकमेकांना हाताने ढकललेलं चालतं. तो एक शब्द बोलला नाही. मला मात्र आजही तो पहिला तास आठवला की वाईट वाटतं, कारण माझ्या उत्साहाची किंमत त्याच्या पायांनी मोजली. पहिल्या दोन टप्प्यांत श्वास लागून बोलणं तुटेल एवढं जोरात जाऊच नका. पुढे गेलेल्यांतले कितीतरी जण चौथ्या-पाचव्या दिवशी भेटतात.

वॉटर पॉइंट साधारण पंचवीस-तीस किलोमीटरवर असतात. पाणी, क्षाराचं पेय, केळी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. बटाटे खा. गोड जेलचा तिसऱ्या दिवशी वीट येतो, बटाट्याचा येत नाही. चेनला तेल घालून देणारी माणसंही तिथे असतात. मात्र दोघांनी एकाच वेळी उतरायचं आणि एकाच वेळी निघायचं. जोड्या वेळ घालवतात तो इथेच. आम्ही चार मिनिटं ठरवली होती आणि ती पाळली.

तिसरा टप्पा ग्रॅबोजवळच्या ओक व्हॅलीतून निघून तिथेच परत येणारा होता. हा सगळा एल्गिन भाग सफरचंदांचा. मार्चमध्ये तोडणी चालू असते आणि बागेतल्या कामगारांच्या टोळ्या शिड्यांवरून हात हलवतात. पासष्टाव्या किलोमीटरला एका उतारावर माझ्या मागच्या टायरची बाजू दगडाने चिरली. नखाएवढी चीर, पण आडवी. बिनट्यूबच्या टायरमध्ये भोकं बुजवायला भरलेलं सीलंट फुसफुसत बाहेर आलं, मांडीवर, चेनवर, सगळीकडे. भोकात दाबायचा एक रबरी प्लग घातला, तो बाहेर आला. दोन एकत्र घातले, तेही आले. शेवटी ट्यूब घालायची ठरली तर आधीचा व्हॉल्व्ह काढायला त्याची चकती हलेना. पुण्यात मी ती पकडीने आवळली होती. हाताला सीलंट, त्यावर वाळू, बोटं घसरताहेत, आणि शेजारून जोड्यांमागून जोड्या जाताहेत. दादाने जर्सीच्या टोकात ती चकती धरून हळूहळू फिरवली. मग मी हत्यारांच्या पिशवीतून जुन्या टायरचा तुकडा काढला. निघण्याआधी आमच्या सायकलवाल्या काकांनी एका झिजलेल्या टायरचा दोन बोटं रुंद तुकडा कापून, कडा घासून दिला होता. "हा ठेव, वजन काही नाही याला," एवढंच म्हणाले होते. तो चिरेच्या आतून लावला, ट्यूब घातली, हवा भरली. टिकलं. बावीस मिनिटं गेली होती.

तेव्हा जड टायरला नावं ठेवू नका. बाजू जाड असलेलाच घ्या, शंभर ग्रॅम जास्त गेले तरी चालतील. दोघांत मिळून दोन ट्यूब, प्लगची दोन मापं, चेनच्या दोन कड्या, प्रत्येकाच्या सायकलचा मागचा गिअर धरणारा स्वतंत्र हँगर आणि टायरचा तो तुकडा. व्हॉल्व्हची चकती बोटांनीच आवळा. टायर चढवताना आधीचे काटे आतून चाचपून काढा, नाहीतर नवी ट्यूब दहा मिनिटांत जाते.

त्या संध्याकाळी दादाचं पोट बिघडलं. चौथा टप्पा नशिबाने छोटा होता, ४३ किलोमीटरचा टाइम ट्रायल, म्हणजे जोड्या एकेक करून सोडतात तो, आणि तेवढ्यात मी त्याच्या पुढे राहून वारा अडवला. पहिल्या टप्प्यात मी, चौथ्या टप्प्यात तो. जोडीत कमजोर कोण हे घरी बसून ठरवता येत नाही.

पाचव्या टप्प्यात ओक व्हॅलीहून स्टेलेनबॉशला जाताना गॅन्टाऊ खिंड लागली. तिथे सायकलवर बसायला बंदी, हाताने न्यायची. वालुकाश्माच्या खडकात दोन समांतर खोल चर गेले आहेत. बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेले. १८२१ च्या सुमारास वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास गाड्या इथून जात आणि त्यांतल्या पाचातल्या एकीची तरी मोडतोड होई. १८३० साली शेजारून सर लावरीज पास हा नवा रस्ता झाला आणि ही वाट सुटली. आपल्या बोरघाटातला गाडीरस्ता मुंबईचा गव्हर्नर माल्कमने सुरू केला तोही १८३० सालीच. मी एका चरात पाऊल ठेवलं तर घोट्याच्या वरपर्यंत आत गेलं. खाली फॉल्स बे या उपसागराचा निळा पट्टा, खांद्यावर सायकल, बुटांच्या तळाच्या, पायडलला अडकवायच्या क्लिटा दगडावर घसरताहेत. नाणेघाटात झिजलेल्या पायऱ्या उतरताना वाटतं तसंच वाटलं. तळव्याला पकड नसलेले कडक कार्बनचे बूट इथे कुचकामी. चालता येईल असे रबरी तळव्याचे घ्या.

मुक्कामाविषयी थोडं. राहायला एकेकट्याचे लाल तंबू, रांगेने. कानात घालायला बोळे हवेतच, शेजारचा घोरतो. टप्पा संपला की सायकल धुऊन रात्रभर राखणीत ठेवतात. मेकॅनिकची सेवा पैसे भरून आधी घेता येते. ती घ्या, तो वेळ झोपेला मिळतो. पोचल्यावर गप्पा मारत ओल्या शॉर्ट्समध्ये बसू नका. आधी खा, मग लगेच अंघोळ, आणि सैल सुती कपडे. पाचव्या दिवशी शर्यत सोडणाऱ्यांत बुडाला फोड आलेले बरेच असतात. चार चांगल्या शॉर्ट्स न्या, नव्या नकोत, अंगवळणी पडलेल्या. जेवण भरपूर असतं. शाकाहाऱ्यांना भात, पास्ता, बटाटे, सॅलड मिळतं, पण चव आपली नाही. मी मेतकुटाची सीलबंद पाकिटं नेली होती. गरम भातावर ते घातलं की दादाचं बिघडलेलं पोटही ठिकाणावर आलं. सातव्या दिवशी शेजारच्या टेबलावरची एक जर्मन जोडी वाटी घेऊन मेतकूट मागायला आली.

शर्यत जिंकली ती निनो शुर्टर आणि लार्स फोर्स्टर यांनी. महिलांमध्ये आनिका लांगव्हाड आणि आना व्हान डेर ब्रेगेन. एकाच वाटेवरून, एकाच सकाळी ही माणसं आपल्या पुढे गेलेली असतात. संध्याकाळी जेवणाच्या मंडपात मोठ्या पडद्यावर त्यांची दृश्यं दाखवतात आणि आपण ज्या दगडावर उतरलो त्यावरून त्यांना उडी मारताना पाहतो. मला त्यातून फार बळ मिळायचं.

सहावा टप्पा स्टेलेनबॉशच्या डोंगरात, चढच चढ. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की आम्ही पाचव्या टप्प्यापेक्षा कमी बोललो आणि जास्त बरोबर राहिलो. सातव्या टप्प्यात पार्लजवळ वाल दे वी इथे हिरवळीवर शेवट होता. शेवटच्या वळणावर मी मागे होते. दादाने मागे वळून पाहिलं नाही, नुसतं पायडल मारणं थांबवलं. माझं पुढचं चाक त्याच्या चाकाशी आलं, मग दोघांनी मिळून रेषा ओलांडली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या अंगणात सायकली सोडवल्या. मागचं टायर काढलं तर काकांचा तो तुकडा जागच्या जागी होता, पांढऱ्या सीलंटने माखलेला. पुण्याला आल्यावर धुऊन त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर करून तो उलटसुलट पाहिला, कडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अजून चालेल." तो पुन्हा हत्यारांच्या पिशवीत ठेवलाय.