गोठ्याच्या दारात 6 म्हशी आणि 11 ट्रॅक

गेले तीन आठवडे दर शनिवारी बेळगावहून जांबोटीकडं मामांच्या घरी जातोय, कारण त्यांच्या गोठ्याच्या दारावर मी एक थर्मल, म्हणजे उष्णता टिपणारा सेन्सर लावलाय. 32 बाय 24 पिक्सेलचा, म्हणजे अख्खं चित्र 768 ठिपक्यांचं आणि त्यात म्हैस म्हणजे एक गरम डाग. मागच्या पावसाळ्यात एक म्हैस रानातच राहिली आणि रात्री उशिरापर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही, तेव्हापासून संध्याकाळी आत येणाऱ्या म्हशी आपोआप मोजायचं डोक्यात होतं. म्हशी 6 आहेत. पहिल्या संध्याकाळी प्रोग्रॅमनं 11 सांगितल्या.

जास्तीच्या पाच आल्या कुठनं? दोन म्हणजे शेणाचे पो, ताजं शेण गरम असतंय ना, सेन्सरला ते लहान रेडकू वाटतं. उरलेल्या तीन म्हणजे खऱ्याच म्हशी, मधे एक-दोन फ्रेम डाग गायब झाला, परत दिसला आणि त्याला नवा नंबर मिळाला, म्हणजे नवा ट्रॅक (एका म्हशीचा फ्रेम-दर-फ्रेम माग). शेणाचं सोपं होतं, ते हलत नाही. गायब होण्यावर कालमन फिल्टर आहे, 1960 सालचा: म्हैस आत्ता कुठाय आणि किती वेगानं चाललीय यावरून पुढच्या फ्रेममधली जागा आधीच सांगायची, डाग दिसला की अंदाज दुरुस्त करायचा, नाही दिसला तर थोडा वेळ अंदाजावरच ट्रॅक जिवंत ठेवायचा. आणि नवा ट्रॅक लगेच खरा मानायचा नाही, 5 फ्रेममध्ये 3 वेळा दिसला तरच.

पण खरं अवघड वेगळंच आहे, कुठला डाग कुठल्या म्हशीचा? समजा तांबू आणि मोरी या दोन म्हशी, तांबूच्या अंदाजातल्या जागेपासून पहिला डाग 2 पिक्सेल आणि दुसरा 3, मोरीच्या जागेपासून पहिला 3 आणि दुसरा 9. जवळचा आधी उचलला की तांबूला पहिला जातो आणि मोरीच्या गळ्यात 9 वाला पडतो, बेरीज 11. उलट दिलं तर 3 आणि 3, सहाच. म्हणून सगळ्या जोड्यांचा हिशेब एकदम करावा लागतो, 6 म्हशींच्या 720 जोडण्या होतात, पण गणितज्ञ कूननं 1955 मध्ये मांडलेल्या हंगेरियन पद्धतीला त्या सगळ्या तपासाव्या लागत नाहीत. आणि अंतर नुसत्या पट्टीनं मोजायचं नाही, ज्या दिशेला अंदाज कच्चा आहे तिकडचं लांबचंही चालवून घ्यायचं. हे अंतर महालनोबिसांचं, कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणारे तेच. आपल्या माणसाचं सूत्र गोठ्याच्या दारात चालतंय याचा मला मनापासून आनंद होतो.

तरी दारात दोघी अंग घासून शिरल्या की दोन डागांचा एकच होतो, आणि वेगळे झाले की नंबर अदलाबदल. मी लॅपटॉप घेऊन कट्ट्यावर बसलो होतो, मामा आले, म्हणाले, "काय बघालायस रे एवढं? दारात मोजू नको, दारात त्या ढकलाढकली करतात. दाव्याला लागल्या की मोज की."

ते ऐकलं आणि रीडची 1979 ची पद्धत आठवली, कॉलेजात वाचलेली पण तेव्हा पोटात शिरली नव्हती. गोंधळ असताना निकाल द्यायचाच नाही. अदलाबदल झाली आणि नाही झाली, दोन्ही शक्यता गुणांसकट सोबत चालवायच्या, पुढच्या फ्रेम येऊ द्यायच्या, जी टिकत नाही ती छाटायची. छाटणी केली नाही तर शक्यता इतक्या वाढतात की छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाचा जीव जातो, म्हणून मी प्रत्येक फ्रेमला वरच्या 20 च ठेवतो.

परवा चंद्री दारातच मागं वळली, मागच्या दोघी तिच्यावर येऊन थांबल्या, सगळ्याचा मिळून एक मोठा डाग. जवळजवळ दहा सेकंद मी श्वास धरून बसलो. मग तीन डाग सुटे झाले, एक बाहेर, दोन आत, जुने नंबर जिथल्या तिथं. आत मामा दावी बांधत होते, मी ओरडून सांगितलं, मामा, पाच आल्या, चंद्री बाहेर आहे!

आता पाऊस. भिजलेल्या म्हशीची पाठ गार दिसते, डाग निम्मा होतो नाहीतर दिसतच नाही, त्यामुळं फिका डागही फेकून न देता चालू ट्रॅकला जोडून बघायचाय. या शनिवारी तेच.