वाकडा माड

आंजर्ल्यातल्या आमच्या घराची पाठ समुद्राकडे आहे. रस्त्यापासून सुरुवात केली, तर अंगण, ओटी, माजघर, मागील दार, विहीर, मग नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या शेवटी निवडुंगाचा गडगा, त्यापलीकडे सुरूचे बन आणि सर्वांत शेवटी वाळू असा क्रम लागतो. दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावरील बहुतेक जुन्या वाड्यांची मांडणी अशीच आहे. समुद्राची गाज रात्रंदिवस कानांवर असूनही आमच्यासारख्या बागायती घरांतून पाण्यावर कोणी जात नसे. समुद्र हा कोळ्यांचा, भंडाऱ्यांचा, दालद्यांचा, आणि आमच्या वाट्याला त्याचा खारा वारा तेवढा, जो पोफळींची पाने करपवतो. मी पोहायला शिकलो तोही विहिरीत.

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, शहरातली नोकरी सोडून परत आल्यावर, मी सतरा फुटी सागरी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, विकत घेतली. हे वाहन मूळचे ध्रुवप्रदेशातले; तिथले शिकारी लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते बनवत. माझी कयाक प्लॅस्टिकची आहे, रुंदीला जेमतेम दोन फूट. बसल्यावर कमरेखालचे शरीर पाण्याच्या पातळीच्याही खाली जाते आणि नजर पाण्यापासून अडीच फुटांवर येते. तेवढ्या उंचीवरून हर्णैचा सुवर्णदुर्ग बेटावर बांधलेला वाटत नाही, पाण्यातून थेट उगवलेला वाटतो. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे थंडीच्या दिवसांत श्वास घ्यायला वर आलेले कासव कधी कधी वल्ह्याच्या अंतरावर दिसते. ओले, हिरवट, सुपारीएवढ्या डोळ्यांचे ते डोके क्षणभर थांबते, फुस्स असा छोटासा आवाज करते आणि बुडते. ज्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या पिल्लांना समुद्रात सोडताना पाहायला मार्चमध्ये आमच्या किनाऱ्यावर गर्दी होते, त्यांतल्या एका प्रौढ मादीला मी पहिल्यांदा पाहिले ते असे.

पहिली दोन वर्षे मी स्वतःला बऱ्यापैकी जाणकार समजत होतो. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो तेव्हा निघायचे आणि खारा वारा धरायच्या आत परतायचे, इतके शाळेतल्या भूगोलावर भागत होते. भरतीच्या वेळा मोबाईलवर पाहायचो, पण त्या आकड्यांचा पाण्याशी असलेला संबंध मला कळला नव्हता, हे त्या माघी पौर्णिमेला उघड झाले.

त्या दिवशी सुवर्णदुर्गाला वळसा घालून, किल्ल्याच्या आडोशाला रेंगाळत, मी दुपारी दोनच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी आलो. जोग नदी इथे समुद्राला मिळते आणि मुखापाशी गाळाची आडवी पट्टी साचली आहे. त्या गाळाबद्दल मच्छीमारांची तक्रार जुनी आहे आणि ती खरीही आहे. पौर्णिमेची भरती सव्वाअकराला संपलेली, म्हणजे सुकती, पाणी उतरण्याची वेळ, ऐन जोरात होती. सुकतीच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने उतरत नाही, मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी निघून जाते. उधाणाच्या दिवशी ते सगळे पाणी अरुंद तोंडातून बाहेर धावत होते आणि त्याला समोरून खाऱ्या वाऱ्याने ढकललेल्या लाटा भिडत होत्या. अशा ठिकाणी लाट आखूड होते, उभी राहते आणि फुटते. दुरून मला फक्त पांढरी रेघ दिसली आणि ती नेहमीचीच वाटली.

तिसऱ्या लाटेने कयाकचे शेपूट उचलून तिला आडवे केले आणि मी उलटा झालो. रोल करून सरळ होण्याचा सराव मी खाडीच्या शांत पाण्यात शंभर वेळा केला असेल. इथे वाळूने ढवळलेल्या पिवळ्या पाण्यात वर कुठे आणि खाली कुठे तेच समजेना. स्प्रे स्कर्ट, म्हणजे कमरेभोवती बसून कयाकचे तोंड झाकणारे आवरण, ओढून मी बाहेर निघालो, एका हाताने कयाक आणि दुसऱ्याने वल्हे धरले, आणि किनारा दीडशे हातांवर दिसत असताना त्याच्यापासून दूर, समुद्राकडे, सरळ वाहत गेलो. लाईफ जॅकेट होते म्हणून बुडण्याची भीती नव्हती, पण आपण पाय मारतो आहोत आणि सुरूची झाडे लहान होत चालली आहेत, हे पाहणे फार वाईट होते.

पट्टीच्या बाहेर दोन होड्या नांगर टाकून उभ्या होत्या. त्यांतल्या एकीच्या खलाशांनी मला आणि मग कयाकला वर ओढून घेतले. होडीचे प्रमुख, तांडेल, साठीचे होते. त्यांनी आधी पाणी दिले, मग विचारले, "सुकतीला खाडीत शिरत होता? आम्ही इथे का थांबलोय, असं नाही वाटलं तुम्हाला?"

खरोखरच वाटले नव्हते. इतकी वर्षे त्या थांबलेल्या होड्या मी देखाव्याचा भाग म्हणून पाहत आलो होतो.

ओहोटी संपून पुरेसे पाणी चढायला साडेसात वाजणार होते. तेवढा वेळ त्या होडीवर काढला. भात आणि बांगड्याचे कालवण जेवलो, दोन डुलक्या काढल्या आणि बरेच ऐकले. तांडेलांनी मोबाईल न पाहता भरतीचे गणित सांगितले, जे किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांत माहीत असते आणि आमच्या घरात नव्हते: तिथीची पाऊणपट करायची, आली ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. पंधरावीस मिनिटे इकडेतिकडे होतात, पण होडी हाकायला तेवढे पुरते.

मग खाडीत शिरायची खोल वाट कशी ओळखायची ते त्यांनी बोटाने दाखवले. "मागचा तो काळा खडक बघा. त्याच्या खाली तुमच्या वाडीतला वाकडा माड आला की सरळ आत जायचं. माड डावीकडे सरकला तर वाळू लागते."

तो माड मला चांगला परिचयाचा होता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची निम्मी वाडी आडवी झाली, त्यातून हा एक समुद्राकडे कलून उरला. नारळ जेमतेम धरतो आणि शेजारच्या पोफळींवर सावली टाकतो. तो खुणेचा आहे, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही ज्या बाजूला पाठ करून बसलो होतो, तिथून कोणीतरी आमच्या वाडीकडे पाहत आपली होडी घरी आणत होते.

आठच्या सुमारास चांदण्यात आम्ही आत शिरलो. पट्टीवर पाणी सपाट झाले होते. दुपारी मी जिथे उलटलो, ती जागा मला दाखवताही आली नसती.

आता मी निघण्याआधी आईला तिथी विचारतो. ती उपासांसाठी पंचांग पाहते, मी पाण्यासाठी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा माझी कयाकही पडवीच्या आढ्याला टांगलेली असते आणि नारळी पौर्णिमा झाल्यावरच खाली उतरते.

गेल्या महिन्यात पाडेली नारळ काढायला आला, तेव्हा ठरल्याप्रमाणे त्याने वाकड्या माडाला कुऱ्हाड लावायचे का, म्हणून विचारले. मी काही बोलायच्या आत आई मागील दारातून म्हणाली, "तो राहू दे. तो होडीवाल्यांचा आहे."