सीता, भाग 4: साहेब ‘तू’ म्हणतो तेव्हा

मंडळी, चौथा भाग एकदाचा जुळवून झाला. साडेसव्वीस मिनिटं भरला. ठरवली होती वीस, पण कचेरीतल्या साक्षीचा प्रवेश कापायला हात धजेना.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: फिलिप मेडोज टेलर याची 1872 सालची ‘सीता’ ही तीन खंडी कादंबरी मी मराठीत नभोनाट्य म्हणून करतोय. 1857 ची धामधूम, त्यात सीता ही तरुण विधवा आणि सिरिल ब्रँडन हा इंग्रज अधिकारी. टेलरनं 1657, 1757 आणि 1857 अशी शंभर शंभर वर्षांची अंतरं ठेवून तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली ही शेवटची. लेखक 1876 ला गेला, त्यामुळे हक्कांची भानगड नाही. शिवाय हा माणूस स्वतः नळदुर्गला अधिकारी होता, मराठी मुलूख बघितलेला. म्हणून बरा वाटला.

गल्लीत मात्र एकच प्रश्न, “सत्तावन्नचंच करायचंय तर आपलं कर की!” खरं आहे. 31 जुलै 1857 ला सत्ताविसाव्या पलटणीनं इथंच कोल्हापुरात बंड केलं, पुढं छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना इंग्रजांनी कराचीला धाडलं. पण त्यांच्या तोंडी मी माझ्या मनानं वाक्यं घालू? तेवढी छाती नाही. ब्रँडन काल्पनिक आहे, तो तक्रार करायला येत नाही.

आता या भागाचं. पहिल्या तालमीत आमच्या ब्रँडननं (एरवी बँकेत कॅशियर) सवयीनं “टुम काय डेखला?” सुरू केलं. सगळे हसले आणि प्रवेश तिथंच मेला. नाटका-सिनेमातल्या साहेबानं आपले कान इतके बिघडवलेत की मराठी बोलणारा इंग्रज म्हटला की तो विदूषकच. मग ठरवलं, ब्रँडन शुद्ध बोलेल. जरा जास्तच शुद्ध. मुन्शीकडून शिकलेला माणूस बोलेल तसं, प्रत्येक शब्द पूर्ण, वाक्याच्या शेवटी किंचित थांबून. परकेपणा उच्चारात नाही, त्या थांबण्यात. हे जमलं आणि कॅशियरसाहेब एकदम देखणे ऐकू यायला लागले.

दुसरा घोळ संबोधनांचा. आपल्या प्रेमकथांत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले की प्रेम जमलं असं समजायचं. इथं ते उलटं पडतं. त्या काळचा साहेब कचेरीत साक्षीदार बाईला ‘तू’च म्हणणार, तो हुकमाचा ‘तू’. आणि ती “साहेब, आपण”. म्हणून या भागात साक्ष देताना सीता दरोडेखोराकडं बोट दाखवून न अडखळता बोलते, त्यानंतर ब्रँडनच्या तोंडून पहिल्यांदा ‘तुम्ही’ निघतं. “तुम्ही बसा.” बस, एवढंच. खाली संगीत नाही, फक्त हातानं ओढायच्या पंख्याच्या दोरीची करकर. पहिल्या कच्च्या जुळणीत मी तिथं सारंगी घातली होती. बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, “इथं कोण मेलं?” सारंगी काढली.

सीतेचं काम करणाऱ्या बाई शाळेत शिकवतात, आवाज अगदी स्वच्छ. पण त्या आपल्या कोल्हापूरच्या. “मी ओळखते त्याला” हे वाक्य रंगात आलं की हमखास “मी ओळखतो त्याला” व्हायचं. नऊ टेक झाले. सातवा अभिनयात सर्वांत सरस, आणि नेमका त्यातच ‘ओळखतो’. शेवटी नवव्या टेकमधला ‘ते’ उचलून सातव्यात बसवला. हेडफोन लावून ऐकलात तर सांधा सापडेल, सापडला तरी बाईंना सांगू नका.

आवाजांचं काम यावेळी मजेत झालं. घोड्याच्या टापा करवंट्यांच्याच, पण फरशीवर वाजवल्या तर टांगा स्टँड वाटतं. परातीत ओलसर वाळू घेतली तेव्हा कच्चा रस्ता मिळाला. खोगिराची करकर दोन दिवस मिळत नव्हती. आमच्या दरोडेखोरानं नवी कोरी कोल्हापुरी घातली होती, हलला की कर्र. तालमीत त्याला चारदा ओरडलो, अनवाणी बसवला. मग डोक्यात आलं. तीच चप्पल माइकपासून वीतभर अंतरावर दोन्ही हातांनी सावकाश पिळली. अगदी खोगीर! चप्पल अजून माझ्याकडंच आहे, तो रोज मागतोय.

एक चूक कबूल करतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी मी तयार साठ्यातला गोळीबार घातला होता, धडाधड. ऐकताना छान वाटतं, पण साफ खोटं आहे. एन्फिल्ड रायफल तोंडाकडून भरायची: काडतूस दातानं फाडा, दारू ओता, गोळी सारा, गजानं ठासा, ठिणगीची टोपी बसवा. सराईत शिपायाला मिनिटाला तीनेक बार. म्हणजे दोन बारांमधली शांतता हीच त्या लढाईची खरी भीती. नव्यानं केलं: पत्र्याच्या ट्रंकेवर गोधडी टाकून मुठीनं बार, आणि मध्ये गज म्हणून सायकलच्या पंपाचा दांडा नळीत घासलेला. तिसरा भाग बदलून ठेवलाय, पुन्हा ऐका.

रेकॉर्डिंग अजून रात्री अकरानंतरच. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेत बाराशिवाय निवांत नाही. पंखा बंद, खिडकीला दोन घोंगड्या, घामाच्या धारा. प्रत्येक बैठकीच्या शेवटी रिकाम्या खोलीची तीस सेकंद शांतता टिपून ठेवतो, सांधे बुजवायला तीच उपयोगी पडते. परवा त्या तीस सेकंदांत कुणाचं तरी पोट गुरगुरलं. कुणी कबूल होईना.

पाचव्या भागात रात्रीचा प्रवास आहे, पालखीतला. भोयांच्या ठेक्यासाठी कुस्तीच्या तालमीतली चार पोरं बोलावली होती. चौघांनी मिळून “हुं हुं” सुरू केलं आणि तिसऱ्या मिनिटाला त्याचं गणपतीचं ढोलपथक झालं. आता खांद्यावर खरंच ओझं द्यायचं ठरलंय. दोन पोती तांदूळ आणि एक बांबू, रविवारी रात्री, गच्चीवर.