पदं तीच, बेरीज निराळी

पदवीच्या वर्गाला अनंत श्रेणी शिकवताना एक तास असा येतो, ज्याची मी वर्षभर वाट बघते. फळ्यावर १ − १/२ + १/३ − १/४ + … लिहायचं. याची बेरीज २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे साधारण ०.६९३. मग तीच पदं, एकही न गाळता, एक धन आणि दोन ऋण अशी लावायची:

१ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + …

धन पदातून लगेच पुढचं पद वजा केलं की राहतं १/२ − १/४ + १/६ − १/८ + … म्हणजे मूळ श्रेणीच्या बरोबर निम्मं.

यंदा हे झाल्यावर कथा लिहिणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, गोष्टीत हे तीन वाक्यांतच होतं." मी खडू तिच्या हातात दिला. तिने लिहिलं: मुलाने दार उघडं ठेवलं. बाप घर सोडून गेला. आईने दिवा मालवला. खाली तीच वाक्यं उलटी: आईने दिवा मालवला. बाप घर सोडून गेला. मुलाने दार उघडं ठेवलं.

पहिल्या गोष्टीत सगळं संपलंय. दुसरीत तो मुलगा अजून वाट बघतोय.

एकाने लगेच हरकत घेतली, आणि ती रास्त होती. वाक्यं तीनच आहेत. मोजक्या पदांची बेरीज कशीही करा, बदलत नाही. मग गोष्ट कशी बदलली? खडू हातात असलेली ती मुलगी थोडी थांबली आणि म्हणाली, "वाचक बेरीज शेवटी करत नाही ना. प्रत्येक वाक्यापाशी त्याची तोवरची बेरीज झालेली असते."

आंशिक बेरजा! अनंत पदं एका दमात मिळवता येतच नाहीत. एकेक पद घेत गेल्यावर आंशिक बेरजा जिकडे झुकतात, त्यालाच आपण श्रेणीची बेरीज म्हणतो. क्रम व्याख्येतच बसलेला आहे. इतकी वर्षं मी हे शिकवतेय, पण इतक्या नेमकेपणाने कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

सगळ्याच श्रेणी अशा नसतात. १ + १/४ + १/९ + … कशीही फिरवा, π²/६ च येणार. धन आणि ऋण पदं वेगवेगळी मिळवली तर दोन्हीकडे बेरीज अमर्याद वाढते, पण एकत्र मात्र ती एका संख्येवर स्थिरावते, अशा श्रेणीतच क्रमाची सत्ता चालते. तिथे तुम्ही म्हणाल ती बेरीज आणता येते, हे जर्मन गणिती रीमानने १८५४ च्या प्रबंधात दाखवलं.

"मग २ आणून दाखवा," मुलं म्हणाली. कॅल्क्युलेटर निघाले. पहिल्या श्रेणीतली १ पासून १/१५ पर्यंतची आठ धन पदं घेतल्यावर २ ओलांडले. १/२ वजा केलं, बेरीज १.५२ वर आली. पुन्हा १/१७, १/१९ करत चढायला लागलो. १/४१ पाशी परत २ च्या वर गेलो आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "आता १/४ वजा!"