तुम्ही विचारलंत म्हणून: पन्नास मीटरचा हिशोब

ब्रिटनमधल्या मराठी घरात कुणाला कॅन्सर किंवा एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) निघालं की हा प्रश्न हमखास येतो: कन्सल्टंटची पत्रं आहेत, स्कॅन आहेत, मग आजारपणाचा सरकारी भत्ता देताना सरकार पुन्हा परीक्षा कसली घेतं? आणि ती न्यायाची आहे का?

नियम वाचले तर तसे बरे आहेत. माती होते ती तपासणीतल्या प्रत्यक्ष बोलण्यात.

२००८ साली आलेली ही परीक्षा, वर्क केपेबिलिटी असेसमेंट, आजार मोजतच नाही. शरीर आणि मन किती चालतं, एवढंच बघते. १७ कृती, त्यातल्या १० शारीरिक, ७ मानसिक. प्रत्येकीला ०, ६, ९ किंवा १५ गुण. बेरीज १५ झाली की नोकरी शोधायची सक्ती सुटते. लोक इथे हुश्श करतात आणि फसतात. एप्रिल २०१७ नंतर अर्ज केलेल्यांना नुसत्या या १५ गुणांवर युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्यात, एक पेनीही जादा मिळत नाही. जादा रक्कम वरच्या गटाला, म्हणजे कामाची तयारीही झेपणार नाही असं ठरलेल्यांना, आणि त्याचे निकष वेगळे. २०२५-२६ मध्ये ती महिना ४२३.२७ पौंड होती. एप्रिल २०२६ पासूनच्या बहुतेक नव्या अर्जदारांना साधारण निम्मी.

चालण्याचंच बघा. न थांबता ५० मीटरपलीकडे जाता येत नसेल तर १५ गुण आणि वरचा गटही. १०० मीटरची मर्यादा असेल तर ९, २०० ची असेल तर ६. घरात व्हीलचेअर नसली तरी ‘वापरता येण्यासारखी आहे’ असं ठरलं की तिच्यासकट हिशोब होतो. मात्र नियमात ‘वारंवार’ हा शब्दही आहे. एकदा ५० मीटर गेलात आणि थकव्याने वाजवी वेळात पुन्हा जमलं नाही, तर ते जमत नाही असंच धरायचं. सगळी मदार या शब्दावर.

आणि तोच तपासणाऱ्याशी बोलताना हरवतो. ‘कोपऱ्यावरच्या दुकानात जाता का?’ ‘हो, जाते.’ वाटेत दोनदा कठड्यावर टेकले, परत येऊन चार तास पडून होते, हे कुणी विचारत नाही. आणि आपल्याकडे तर ‘कसं काय?’ला ‘बरंय’ म्हणायची जन्माची सवय. अहवालात उतरतं: स्वतः दुकानात जातात.

म्हणून तपासणीआधी भरायच्या फॉर्ममध्ये, म्हणजे यूसी ५० मध्ये, ‘चालायला त्रास होतो’ लिहू नका. लिहा: ‘४० मीटरवर थांबते, पाच मिनिटं बसते, पुढे ३० मीटर, मग दिवसभर बाहेर नाही. आठवड्यातले चार दिवस एवढंही नाही.’ कन्सल्टंटच्या पत्रात गाठीचा आकार असतो, जिना नसतो. स्पेशालिस्ट नर्सकडून रोजच्या जगण्याबद्दल पत्र मागा. सबळ कारणाशिवाय फॉर्मची मुदत चुकली तर कामाला समर्थ धरतात.

केमो किंवा रेडिओथेरपी चालू असेल, सहा महिन्यांत व्हायची असेल किंवा त्यातून सावरणं चालू असेल, तर मात्र गुणांचा खेळ नाही. वरचा गट मिळू शकतो. आयुष्य वर्षभराहून कमी उरलं असण्याची शक्यता असेल तर डॉक्टर तसं सांगणारा एसआर१ फॉर्म भरतात. काम लादल्याने तब्येतीला मोठा धोका असेल तर त्यासाठीही वेगळं कलम आहे, पण बहुतेकांना ते ठाऊकच नसतं.

वर्क व्हिसावर असाल तर युनिव्हर्सल क्रेडिट सहसा बंद. पण नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) पुरेसा भरलेला असेल तर न्यू स्टाइल ईएसए, म्हणजे त्या वर्गणीवर मिळणारा आजारपणाचा भत्ता, मागता येतो. तो ‘पब्लिक फंड्स’मध्ये, म्हणजे व्हिसावाल्यांना बंद असलेल्या सरकारी मदतीत, मोडत नाही. परीक्षा तिथेही हीच.

प्राध्यापक माल्कम हॅरिंग्टन यांनी २०१० साली, सरकारसाठीच्याच आढाव्यात, ही प्रक्रिया यांत्रिक आणि माणूसपण नसलेली असल्याचं म्हटलं होतं. मला ते आजही लागू वाटतं. तपासणारे खासगी कंत्राटदाराचे नर्स किंवा फिजिओ असू शकतात. ते शिफारस करतात, निर्णय सरकारच्या वर्क अँड पेन्शन्स खात्याचा. नाकारलं तर महिन्याच्या आत फेरविचार मागायचा. त्यातही नकार आला तर पुन्हा महिन्याभरात ट्रायब्युनलकडे, म्हणजे खात्याबाहेरच्या न्यायाधिकरणाकडे, अपील. तिथे न्यायाधीशांशेजारी एक डॉक्टर बसलेले असतात आणि ‘दुकानातून परत आल्यावर काय करता?’ हा प्रश्न पुष्कळदा तिथे पहिल्यांदा विचारला जातो.