पित्ताशयाच्या ऑपरेशनचे फोटो आणि मशीनने सुचवलेली नावं

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं की डिस्चार्ज कार्डासोबत बऱ्याचदा रंगीत फोटोंचं एक पान मिळतं. फोटोंखाली क्वचितच काही लिहिलेलं असतं. हे पान घरातल्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहतं, आणि पुन्हा पोटात दुखायला लागलं की दुसऱ्या गावच्या सर्जनसमोर तेच उघडलं जातं. त्या सर्जनला कुठली नळी कुठे बंद केली हे एका नजरेत कळायला हवं. फोटोंना नावं सुचवण्याचं काम मशीन लर्निंगला चांगलं जमतं. मात्र सगळी आखणी या पानापासून उलटी करत न्यावी. ‘व्हिडिओ आहे, चला त्यातलं सगळं ओळखू या’ अशी सुरुवात केली की पेशंटला उपयोगी पडेल असं हाती फार थोडं लागतं.

पानावर सहा फोटो पुरतात: सुरुवातीचं पित्ताशय, मोकळी केलेली सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची नळी) आणि आर्टरी (रक्तवाहिनी) समोरून, तीच मागच्या बाजूने, क्लिप लावल्यानंतरची स्थिती, पित्ताशय सुटल्यावरचा लिव्हर बेड (यकृतावरची त्याची जागा), आणि पिशवीत टाकलेलं पित्ताशय. म्हणजे सहा लेबलं, आणि सातवं ‘यांपैकी काही नाही’. या सातव्याचीच उदाहरणं सर्वांत जास्त गोळा करावी लागतात. ‘कॉमन बाइल डक्ट’ (मुख्य पित्तनळी, जिला धक्का लागता कामा नये) हे लेबल यादीत मुद्दाम ठेवायचं नाही. चुकून सिस्टिक डक्टच्या फोटोखाली ते नाव छापलं गेलं, तर पेशंट आणि सर्जन दोघांनाही विनाकारण मोठा मनस्ताप.

आणखी एक गोष्ट यादीबाहेर हवी. सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी’च्या, म्हणजे काहीही कापण्याआधी दिसायला हव्या अशा सुरक्षित दृश्याच्या, तीन अटी आहेत: पित्तनळ्या आणि यकृत यांमधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ झालेले, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी दिसणाऱ्या. हे ओळखणाऱ्या मॉडेलवर चांगलं संशोधन झालंय. पण ‘व्ह्यू मिळाला’ हा सर्जनचा निर्णय आहे. फोटोत काय दिसतंय एवढंच मशीनने सुचवावं, पुरेसं दिसलं की नाही हे सर्जनने लिहावं.

४५ मिनिटांचं ऑपरेशन सेकंदाला २५ फ्रेमने रेकॉर्ड झालं तर ६७,५०० फ्रेम होतात. सेकंदाला एक घेतली तरी २,७०० उरतात. पहिली चाळणी खाजगीपणाची. लेन्सवर वाफ धरली की स्कोप (दुर्बीण) बाहेर काढून पुसतात, गरम पाण्यात बुडवतात, आणि रेकॉर्डिंग चालूच असतं. त्या काही सेकंदांत स्टाफचे चेहरे येतात, कधी पेशंटचं नाव लिहिलेला फलक येतो. ‘आत’ आणि ‘बाहेर’ एवढंच ओळखणारं छोटं मॉडेल वेगळं ठेवा आणि त्याला संशयी बनवा: आतल्या शंभर फ्रेम फुकट गेल्या तरी चालतील, बाहेरची एकही सुटता कामा नये. नुसत्या रंगावर भिस्त ठेवली तर रक्ताळलेला गॉज किंवा कातडीला टेकलेली लेन्स आतलीच वाटते. ही चाळणी फाइल ऑपरेशन थिएटरच्या कॉम्प्युटरवरून हलवण्यापूर्वीच लावायची.

कॅमेऱ्याचा प्रोसेसर फ्रेमच्या कोपऱ्यात नाव, नंबर, तारीख उमटवतो. तो भाग कापून टाका. फक्त दाखवताना झाकून उपयोग नाही. फाइलच्या नावातही पेशंटचं नाव असतं, तेही बदला. कोपरा कापण्याला तांत्रिक कारणही आहे. एखाद्या हॉस्पिटलच्या केस जास्त अवघड असतील, तर मॉडेल पोटाऐवजी कोपऱ्यातली ती अक्षरं पाहून उत्तर द्यायला शिकतं.

खरी मेहनत लेबल लावण्यात जाते. सीव्हॅटसारखं (CVAT) फ्रेमवर खुणा करण्याचं मोफत साधन पुरतं, पण आधी प्रत्येक लेबलची व्याख्या लिहून काढा. ‘क्लिप लावल्यानंतर’ याचा अर्थ काय? क्लिप अप्लायरचा (क्लिप लावायच्या हत्याराचा) जबडा अजून डक्टवरच आहे, आत धातू चमकतोय, अशी फ्रेम एक जण धरेल आणि दुसरा सोडेल. म्हणून लिहायचं: क्लिप पूर्ण मिटलेली, तिची दोन्ही टोकं डक्टच्या पलीकडे दिसतात, अप्लायर सोडून मागे गेलेला. दोघांनी स्वतंत्रपणे लेबल लावावीत, मतभेद असेल तिथे तिसऱ्या ज्येष्ठ सर्जनने ठरवावं. दोघांची लेबलं किती जुळतात हे सांगणारा ‘कप्पा’ (kappa) हा आकडा ०.६ च्या खाली गेला तर माणसं बदलण्याआधी व्याख्या तपासा.

तयार डेटा म्हणून सगळे चोलेक८० (Cholec80) या व्हिडिओसंग्रहाकडे वळतात: फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयातले ८० व्हिडिओ, १३ सर्जन, सात टप्पे आणि सात हत्यारं चिन्हांकित केलेली. शिकण्यासाठी उत्तम. पण तो गैरव्यावसायिक संशोधनासाठी आहे, आणि त्यातले टप्पे म्हणजे आपली सहा लेबलं नव्हेत. क्लिप लावण्याच्या टप्प्यातल्या कित्येक फ्रेममध्ये क्लिप दिसतच नाही. आपल्या कॅमेऱ्यावरचे, आपल्याकडच्या सुजून चिकटलेल्या पित्ताशयांचे व्हिडिओ हवेतच.

मॉडेल साधं चालतं: इमेजनेट या सर्वसाधारण फोटोसंग्रहावर आधी शिकवलेलं रेसनेट-५० हे चित्रं ओळखणारं न्यूरल नेटवर्क, आणि प्रत्येक लेबलला स्वतंत्र सिग्मॉइड, म्हणजे ० ते १ मधला वेगळा गुण. चूक होते ती चित्राच्या आकारात. १९२० पिक्सेल रुंद फ्रेममध्ये क्लिप साधारण ६० पिक्सेलची असेल, तर नेहमीच्या २२४ रुंदीत ती ७ पिक्सेलची होते आणि चमकत्या थेंबापासून वेगळी ओळखू येत नाही. ५१२ रुंदीत ती १६ पिक्सेलची राहते. चित्रं बदलून डेटा वाढवताना डावं-उजवं उलटवू नका, कारण यकृत चुकीच्या बाजूला गेलेलं पोट मॉडेलला जवळपास कधीच भेटणार नाही. रंगछटाही फार हलवू नका. पित्ताचा हिरवा-पिवळा आणि रक्ताचा लाल हीच तर माहिती आहे. आयसीजी हे चमकणारं द्रव्य वापरून निअर-इन्फ्रारेड प्रकाशात घेतलेल्या, पडद्यावर हिरव्या दिसणाऱ्या फ्रेम वेगळ्या काढा.

चाचणीसाठी डेटा वाटताना फ्रेम वाटायच्या नाहीत, पेशंट वाटायचे. शेजारशेजारच्या दोन सेकंदांतल्या फ्रेम जवळजवळ सारख्याच असतात. एक शिकण्यात आणि एक परीक्षेत गेली तर पेपर आधीच फुटलेला असतो. शक्य असेल तर एक अख्खं हॉस्पिटल परीक्षेसाठी राखून ठेवा.

प्रत्येक लेबलचा उंबरठा (किमान किती गुण मिळाले तर फोटो धरायचा) वेगळा ठरवा, आणि तो नेमकेपणावर ठरवा. सर्व फोटो शोधणं गरजेचं नाही, निवडलेला फोटो बरोबर असणं गरजेचं आहे. इथे छोट्या आकड्यांवर भुलू नका: ६० पैकी ६० बरोबर आले तरी चुकीचं खरं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असू शकतं, ही ९५ टक्के खात्रीची मर्यादा आहे.

उंबरठा पार केलेल्यांतून स्पष्ट फोटो निवडायला लाप्लासियन व्हेरियन्स (चित्रातल्या कडा किती ठळक आहेत ते मोजणारा आकडा) वापरतात. धातूवरची चमक हा आकडा फुगवते, त्यामुळे कॉटरीच्या (जाळून कापण्याच्या हत्याराच्या) धुरातला अंधूक फोटो फक्त चकाकत्या हुकमुळे वर येतो. २५५ पैकी २५० च्या वर उजळ असलेले पिक्सेल वगळून आकडा काढला की निवड सुधारते. मग एकमेकांपासून किमान ३० सेकंद दूर असलेले तीन फोटो प्रत्येक लेबलखाली सर्जनला दाखवा, एक निवडू द्या. सर्जनने होकार दिल्याशिवाय काहीही छापलं जाऊ नये.

फोटोखालचं वाक्य मॉडेलने रचायचं नाही. ते लेबलचा क्रमांक देईल, वाक्य आधीच ठरवून तपासलेलं असेल: डॉक्टरांसाठी ‘सिस्टिक डक्ट व आर्टरी, क्लिपनंतर’, पेशंटसाठी ‘पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी क्लिपने बंद केल्यानंतर’.

सर्वांत जास्त जपायचं ते अवघड केसमध्ये. सूज इतकी असते की डक्ट वेगळी करणं धोक्याचं ठरतं आणि सर्जन पित्ताशयाचा काही भाग ठेवून सबटोटल करतो. तिथे डक्ट-आर्टरीचे फोटो अस्तित्वातच नसतात. ‘प्रत्येक लेबलला सर्वाधिक गुणांचा फोटो’ असा नियम लिहिला असेल तर प्रोग्रॅम कुठलीतरी फ्रेम तिथे बसवतो, आणि पुढच्या डॉक्टरला वाटतं की नळी नीट बंद झाली होती. म्हणून उंबरठा पार झाला नाही तर चौकट रिकामीच राहिली पाहिजे, आणि कारणाची ओळ सर्जनने स्वतः टाइप केल्याशिवाय रिपोर्ट बंद होता कामा नये: ‘सबटोटल केलं, डक्ट वेगळी केली नाही, पित्ताशयाचा भाग शिल्लक आहे.’