पाऊणकी आणि गरी

गरवायला, म्हणजे गरी (गळ) टाकून मासे धरायला, निघालेल्या माणसाला ‘कुठे निघालात?’ असं विचारायचं नसतं. कुणी विचारलंच, तर आमचे आजोबा आल्या पावली माघारी वळत, चपला काढत, ओटीवर बसून पान खात आणि मग मागच्या दाराने नव्याने निघत. याला अंधश्रद्धा म्हणतात हे कळायचं वय येईपर्यंत त्यांचा नाद मला पुरता लागून गेला होता.

आमचं गाव जयगडच्या खाडीवर. शास्त्री नदी समुद्राला मिळते, त्याच्या जरा आत. मासे विकायला बायका दारावर येत, त्यामुळे आजोबांच्या गरीला पोटापाण्याचं निमित्त नव्हतं. ही निव्वळ शिकार होती. आजीला ते पक्कं ठाऊक असल्यामुळे मासा डोळ्यांनी दिसल्याशिवाय ती वाटणासाठी नारळ फोडत नसे. रिकाम्या हाताने आलो तर पिठलं तयार असे, आणि ते ती जरा जास्तच प्रेमाने वाढायची.

सामान म्हणाल तर एका बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, शिशाचा तुकडा, दोन-तीन गऱ्या आणि केळीच्या पानात बांधलेली कोळंबी. मोठी पिशवी न्यायची नाही. मोठी पिशवी रिकामी येते, हाही त्यांचाच एक नियम. शेजारच्या काकांनी एकदा टोकलं, “मुलीला कशाला नेता खडकावर?” आजोबा म्हणाले, “ती गप्प बसते. तुमचा बसतो का?” माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक.

त्यांच्याकडून मी पहिल्यांदा शिकले ती मात्र गरी नव्हे, पाऊणकी. शाळेतून पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे केव्हाच हद्दपार झालेले, पण आजोबांचा सगळा समुद्र तिच्यावर चालायचा. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पूर्ण व्हायची वेळ येते. चतुर्थी? चार पाऊणे तीन. म्हणजे दुपारी ३ ला आणि रात्री ३ ला खाडी भरलेली. अष्टमीला ६. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि पाणी त्याच्यामागे. मोबाईलवरची वेळ बघितली तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण तेवढी चूक माझ्या मोबाईलला रेंज नसण्यापेक्षा परवडते.

पुढचा धडा उजव्या हाताच्या तर्जनीचा. शिसं तळाला टेकलं की तंगूस ताणून बोटावर घ्यायचं आणि डोळे पाण्यावरून काढायचे. डोळ्यांचं तिथे काही काम नसतं. बारीक मासे आमिष कुरतडतात तेव्हा बोटाला नुसत्या गुदगुल्या होतात; तेव्हा ओढणारा हमखास फुकट कोळंबी वाटतो. खेकडा ओळखता येतो, कारण तो झटका देत नाही. तंगूस नुसतं जड होतं, मग हळूच एका बाजूला सरकायला लागतं. त्याला गरी लागलेली नसते, तो केवळ हावरटपणाने कोळंबी धरून असतो. म्हणून घाई न करता, त्याला संशय येणार नाही इतक्या बेताने वर आणायचं आणि खालून झिला, म्हणजे हातजाळं, घालायचा. शिंगाळा मासा ओढत राहतो, आणि वर आल्यावर त्याचा काटा लागला तर हात दिवसभर ठणकतो. तांबोशीचं सगळंच वेगळं. एकच हिसका, आणि लगेच ती खडकाच्या कपारीकडे धाव घेते. त्या क्षणी तंगूस बोटाच्या पेराला कापत जातं. आजोबांच्या तर्जनीवर त्याची कायमची खाच होती. मला लहानपणी ती फार हवीशी वाटायची, अंगठीसारखी.

जागा सांगायच्या नाहीत, हे तर ओघानेच आलं. एरवी सत्यवचनी असलेला हा माणूस मासा कुठे लागला याबद्दल गावभर बेधडक खोटं बोलायचा. ‘वरच्या धक्क्याकडे’ म्हणजे खालचा खडक, हे मला माहीत होतं, काकांना नव्हतं.

आता मी ठाण्याला असते. मुलाने हौसेने रीळ लावलेला रॉड आणून दिलाय. देखणा आहे. पण मासा काय म्हणतो ते मला त्या दांड्यातून कळत नाही, म्हणून तो माळ्यावर आणि तंगुसाची बाटली सुटीच्या बॅगेत.

सुटी मी अजून तिथी बघूनच टाकते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी इतकं धावतं की शिसं तळाला ठरत नाही. अष्टमीच्या पुढेमागे भांग, म्हणजे लहान भरती, तेव्हा पाणी मरगळलेलं. मधली एकादशी-द्वादशी सोयीची. अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणजे सहाला खडकावर बसलं की चढतं पाणी हाती लागतं. आजोबांनाही एकादशीच आवडायची. माळकरी शेजाऱ्यांनी डोळे वटारले तर म्हणत, “आज खाणार कुठे आहे? खाणार द्वादशीला.” माझ्या ऑफिसात मात्र समज असा, की बाई फार धार्मिक, एकादशी चुकवत नाहीत. परत कामावर गेले की कुणी ना कुणी राजगिऱ्याचा लाडू पुढे करतं. मी घेते. कुठे गेला होतात, असं अजून कुणी विचारलेलं नाही.